चाळीस डॉलरचे चाळीस हजार कधी होतील?

ऑनलाइन पोकरबद्दल आलेलं पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारा सव्वीस वर्षांचा, मूळचा विदर्भातला. इंग्लंडमध्ये मास्टर्स केलं, आता ग्रॅज्युएट व्हिसावर (शिक्षणानंतर काही काळ तिथे राहून काम करायचा व्हिसा) मिडलँड्समध्ये राहतो. मनासारखी नोकरी अजून लागलेली नाही, आठवड्याला चार शिफ्ट वेअरहाऊसमध्ये करतो, पण हे घरी सांगितलेलं नाही. शिक्षणासाठी बावीस लाखांचं कर्ज आहे, हप्ता सुरू झालाय आणि सध्या वडील भरतायत. दोन महिन्यांपूर्वी त्याने तिथल्या लायसन्सवाल्या साइटवर ४० डॉलर टाकून सगळ्यात खालच्या, १ सेंट/२ सेंटच्या टेबलांवर पोकर सुरू केलं. एका वेळी दोन टेबलं, जवळपास १८ हजार हँड (डाव). खात्यात १६० झाले, त्यातले ८४ एका टूर्नामेंटमध्ये दुसरा आल्याचे. मग एका रात्री ५० डॉलर मोठ्या टेबलवर गेले. 'तो एक दिवस सोडला तर डिसिप्लिन पक्की आहे,' असं तो म्हणतो. दर महिन्याला दुप्पट धरलं तर अजून आठ महिन्यांत चाळीस हजार डॉलर होतात अशी शीटही त्याने जोडलीय. तीन प्रश्न आहेत: किती बाय-इन (टेबलवर बसताना घ्यायची पूर्ण रक्कम) झाले की वरच्या स्टेकला (मोठ्या पैशांच्या टेबलला) जायचं, दोन शिफ्ट सोडून तो वेळ खेळाला द्यावा का, आणि घरी सांगावं का.

मित्रा,

मी स्वतः पोकर खेळते, छोट्याच स्टेक्सवर, खेळ आवडतो म्हणून. त्यामुळे 'जुगार आहे, सोडून दे' असं एका ओळीत लिहून मी मोकळी होणार नाही. तू सगळ्यात खालच्या टेबलवरून सुरुवात केलीस, लायसन्स असलेली साइट निवडलीस, हँडची नोंद ठेवलीस, हे फार थोडे लोक करतात. बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात 'खाली काय खेळायचं, सगळे येडे असतात' म्हणत वर जातात आणि महिन्याभरात पैसे संपवून बसतात. तू तसं केलं नाहीस (एक रात्र सोडून, तिच्याकडे येतेच).

आता त्या १६० कडे नीट बघू. त्यातले ४० तूच टाकलेले आणि ८४ एका टूर्नामेंटचे. म्हणजे रोज दोन-दोन तास बसून कॅश टेबलवर तू कमावलेस ३६ डॉलर. दोन सेंटच्या टेबलवर ३६ डॉलर म्हणजे १८०० बिग ब्लाइंड (डाव सुरू होताना एकाला लावावीच लागणारी रक्कम, इथे दोन सेंट), म्हणजे शंभर हँडमागे १० बिग ब्लाइंड. हा रेट चांगला आहे आणि नवीन माणसासाठी तर फारच चांगला. पण तुझ्या शीटमधलं 'दर महिन्याला दुप्पट' या रेटमधून आलेलंच नाही, ते त्या एका टूर्नामेंटमधून आलंय. ८४ बाजूला काढ, मग ४० चे ७६ होतात, आणि तेही एका नाही तर दोन महिन्यांत.

त्याहून मोठी गडबड दुसरीकडे आहे, आणि बँकरोल (खेळासाठी बाजूला ठेवलेली रक्कम) वाढवायला निघालेले बहुतेक जण इथेच फसतात. बँकेत व्याज मुद्दलावर मिळतं, मुद्दल वाढली की व्याज आपोआप वाढतं. पोकरमध्ये खात्यात ४० असोत नाहीतर ४००, दोन सेंटच्या टेबलवर शंभर हँडमागे तुझे तेच वीस सेंट. कमाई वाढवायची तर स्टेक वाढवावा लागतो आणि स्टेक वाढला की समोरची माणसं बदलतात. दोन सेंटवर कुठल्याही दोन पत्त्यांवर कॉल करणारे (समोरच्याने लावले तेवढे पैसे लावून डावात राहणारे) लोक भेटतात, पाच सेंटवर जरा कमी, दहावर अजून कमी, आणि पंचवीस सेंटच्या टेबलवर असे लोक बसलेले असतात जे चार-चार टेबलं एकदम खेळतात, प्रत्येक हँड नंतर उघडून तपासतात आणि तुझ्यासारखा नवीन माणूस आला की दहा मिनिटांत ओळखतात. तिथे तुझा १० चा रेट ३ होईल, किंवा मायनसमध्ये जाईल. शीटमधल्या एकाही रकान्यात ही माणसं नाहीत.

बरं, १० तरी खरा आहे का? सहा जणांच्या नो-लिमिट (समोरचे सगळे पैसे लावता येतात अशा) टेबलवर शंभर हँडमागे चढउतार साधारण ८० ते १०० बिग ब्लाइंडचा असतो. मधला ९० धरून मी हिशोब केला. १८ हजार हँडमध्ये नुसत्या नशिबाने बाराशे बिग ब्लाइंड इकडे किंवा तिकडे होणं अगदी नेहमीचं आहे. तुझे १८०० आलेत, म्हणजे तुझा खरा रेट ३ च्या आसपास असू शकतो किंवा १७ च्याही. खरोखर ५ च्या रेटने जिंकणारा माणूस घेतला तरी दहा हजार हँडनंतर तो तोट्यात असण्याची शक्यता तीस टक्क्यांच्या जवळ जाते. म्हणजे चांगलं खेळूनही महिनाभर मार खाणं यात विशेष काही नाही, आणि वाईट खेळून महिनाभर जिंकणं यातही नाही. तू लिहिलंयस, 'दोन महिने प्लसमध्ये आहे म्हणजे मला जमतंय.' कदाचित जमतही असेल. पण दोन महिन्यांचे आकडे तेवढं सांगू शकत नाहीत, निदान लाखभर हँड झाल्याशिवाय मी तरी स्वतःबद्दल असं ठाम बोलणार नाही.

रेकचा, म्हणजे साइट डावातून कापते त्या पैशांचा, उल्लेख तुझ्या पत्रात कुठेच नाही म्हणून सांगते. समज दोन डॉलर तुझे, दोन समोरच्याचे, चार डॉलरचं पॉट (डावात जमलेली रक्कम) झालं. साइटने पाच टक्के कापले तर जिंकणाऱ्याला मिळाले ३ डॉलर ८० सेंट. गेलेले वीस सेंट म्हणजे तब्बल दहा बिग ब्लाइंड, म्हणजे तुझी शंभर हँडची कमाई एका पॉटमध्ये साइटला गेली. टक्का साइटगणिक बदलतो, कुठे साडेतीन, कुठे पाच. वर कमाल मर्यादाही असते, पण ती खालच्या टेबलांवर क्वचितच लागते, त्यामुळे पॉटच्या मानाने सगळ्यात जास्त रेक सगळ्यात छोटा खेळाडूच देतो. म्हणून रेकबॅक (रेकचा परत मिळणारा भाग) किंवा रिवॉर्डचं जे काही असेल ते घेच, आणि फुटकळ पॉटमध्ये उगाच लिम्प करत (रक्कम न वाढवता नुसता बिग ब्लाइंड भरून) घुसायची सवय सोड.

आता त्या रात्रीबद्दल. सगळ्या पत्रात मला तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली आणि तू ती अशी लिहिलीयस की जणू हिशोबात धरायचीच नाही. तूच सांगितलंयस की रात्री शिफ्टवरून आलास, टेबल उघडलं, दोन किंग आले, टेबलवरचे पत्ते उघडायच्या आधीच दोघांचे सगळे पैसे आत, समोरच्याकडे क्वीन-जॅक. रिव्हरला (टेबलवरच्या शेवटच्या पत्त्याला) त्याचं स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) लागलं. गेले किती? दोन डॉलर. किंगच्या जोडीविरुद्ध क्वीन-जॅक साधारण सहातून एकदा जिंकतंच, म्हणजे त्यात अन्याय वगैरे काही झाला नाही, उलट असा कॉल करणारी माणसं आहेत म्हणून तर तुझा रेट १० आहे. पण तू ते टेबल बंद करून थेट १० सेंट/२५ सेंटच्या टेबलवर २५ डॉलर घेऊन बसलास, ते गेले, परत २५ घेतलेस, तेही गेले, आणि हे सगळं चाळीस मिनिटांत. दोन डॉलर वसूल करायला पन्नास! आणि त्याच्या पुढच्याच वाक्यात तू लिहिलंयस की त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला होता, या महिन्याचा हप्ता भरायला काकांकडून घेतले म्हणून.

मला नाही वाटत की तू त्या दोन डॉलरवर चिडलास. तू त्या टेबलवर हप्ता घेऊन बसला होतास. पोकर खेळणारे याला टिल्ट म्हणतात आणि लोकांना वाटतं टिल्ट वाईट पत्त्यांमुळे येतो, पण माझ्या पाहण्यात तो बहुतेक वेळा टेबलच्या बाहेरूनच आलेला असतो. त्यामुळे 'तो एक दिवस सोडला तर' असं म्हणता येणार नाही, कारण फोन परत येणार आहे, हप्ता दर महिन्याला येणार आहे. ज्या पैशावर बाबांची झोप अवलंबून आहे असं डोक्यात असतं तो पैसा नीट खेळताच येत नाही, फोल्ड करायच्या (पत्ते टाकून द्यायच्या) जागी कॉल होतो. बँकरोल म्हणजे असे पैसे, की ते उद्या सगळेच्या सगळे गेले तरी घरातलं काहीच अडणार नाही. तुझे ४० डॉलर तसे होते. शीटमधले चाळीस हजार मात्र तू कर्जाला लावून मोकळा झालायस, अजून मिळालेलेही नाहीत तरी.

अमेरिकन पोकर खेळाडू ख्रिस फर्ग्युसनचं उदाहरण दिलंयस, शून्यातून दहा हजार. ते खरंय. फुल टिल्ट पोकर या साइटवर एक पैसा न टाकता, फुकटच्या टूर्नामेंटमधून २००६ मध्ये सुरुवात करून त्याने ते केलं. पण तो तेव्हा २००० सालच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या मोठ्या स्पर्धेच्या मेन इव्हेंटचा विजेता होता, कॉम्प्युटर सायन्समध्ये डॉक्टरेट होता, आणि तरीही वर्षाहून जास्त वेळ लागला. त्याचे नियम बघ: कॅश टेबलवर एकूण रकमेच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त घेऊन बसायचं नाही, मोठ्या टूर्नामेंटला दोन टक्क्यांच्या वर नाही, आणि टेबलवर समोर असलेले पैसे एकूण रकमेच्या दहा टक्क्यांच्या वर गेले की उठायचं. तू १६० मधले २५ घेऊन बसलास, ते झाले साडेपंधरा टक्के. त्याला त्या पैशातून कुणाचा हप्ता फेडायचा नव्हता म्हणून तो हे नियम पाळू शकला असं मला वाटतं.

त्याच फुल टिल्टचं पुढे काय झालं तेही माहीत असू दे. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकन सरकारने कारवाई केली आणि कळलं की खेळाडूंचे जेवढे पैसे देणं होतं तेवढे कंपनीकडे नव्हतेच. फर्ग्युसन त्या कंपनीच्या संचालकांपैकी एक होता. अमेरिकेतल्या खेळाडूंना पैसे परत मिळायला २०१४ उजाडलं. तू जिथे आहेस तिथे गॅम्बलिंग कमिशनच्या (जुगारावर देखरेख करणारी सरकारी संस्था) लायसन्सवाल्या साइटला नियम-अटींमध्ये सांगावं लागतं की कंपनी बुडाली तर ग्राहकांच्या पैशाला कितपत संरक्षण आहे. ती ओळ शोधून वाच, काही साइट चक्क 'संरक्षण नाही' असं लिहितात.

तर पहिला प्रश्न, किती बाय-इन. खात्यात आता ११० आहेत. त्यातले ५० आजच काढून घे. पैसे काढताना ओळखपत्र वगैरे मागतात, ते एकदा छोट्या रकमेवर होऊन जाऊ दे, आणि 'काढता येतात' हेही कळेल. उरले ६०, म्हणजे दोन सेंटच्या टेबलचे तीस बाय-इन, भरपूर झाले. वरच्या, २ सेंट/५ सेंटच्या टेबलला कधी जायचं? खात्यात १५० झाले आणि एकूण हँड पन्नास हजार झाले, दोन्ही गोष्टी झाल्या की मगच. आणि तिथे जाऊन १०० वर आलास तर त्याच दिवशी परत खाली. वर जायचा नियम सगळेच करतात, खाली यायचा नियम कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवावा लागतो, कारण त्या क्षणी कमीपणा वाटतो. नवीन पैसे टाकायचे नाहीत, डिपॉझिट लिमिट साइट देते ती लावून टाक. शिफ्टवरून आल्यावर एक तास काहीच उघडायचं नाही आणि घरचा फोन झाला त्या दिवशी तर नाहीच.

खेळाबद्दल एवढंच सांगते की दोन सेंटवर ब्लफने कुणी श्रीमंत होत नाही. जो कॉल करतोच त्याला ब्लफ करू नकोस, चांगले पत्ते आले की पूर्ण किंमत लाव, बटणाच्या (सगळ्यात शेवटी बोलायच्या जागेच्या) जवळ जास्त आणि आधी बोलायचं असेल तिथे कमी हँड खेळ. आणि जो माणूस सगळा वेळ गप्प कॉल करत होता त्याने रिव्हरला एकदम मोठा रेझ केला (रक्कम वाढवली) तर टॉप पेअर (टेबलवरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याशी जुळलेली जोडी) टाकून दे, त्याच्याकडे असतंच. खेळून झाल्यावर हरलेले मोठे पाच पॉट उघडून बघायचे. जिंकलेलेही बघ, त्यात चुका जास्त लपतात.

दुसरा प्रश्न, शिफ्ट सोडायच्या का. नाही. १८ हजार हँड दोन टेबलांवर म्हणजे अंदाजे १२० तास, कमाई ३६ डॉलर, तासाला तीस सेंट. एप्रिल २०२५ मध्ये तुझ्या वयाला तिथलं किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स झालं होतं, त्या दरानेही १२० तासांचे टॅक्सच्या आधी १४६५ पौंड. चार टेबलं केलीस आणि रेट तसाच राहिला (राहत नाही, लक्ष विभागलं जातं) तरी तासाला साठ सेंट. पोकरमध्ये जिंकलेल्या पैशावर तिथे टॅक्स नाही हे तू बरोबर लिहिलंयस, पण साठ सेंटवर टॅक्स नसून फायदा काय.

पण शिफ्टपेक्षाही मला तुझ्या व्हिसाची तारीख जास्त महत्त्वाची वाटते. ग्रॅज्युएट व्हिसा वाढवून मिळत नाही. तो संपायच्या आत वर्क व्हिसासाठी स्पॉन्सर करणारी कंपनी लागणार, आणि जुलै २०२५ पासून तुझ्यासारख्या नवीन माणसालाही बहुतेक ठिकाणी किमान ३३,४०० पौंडांचा पगार दाखवावा लागतो. खात्यात पोकरचे कितीही असले तरी ते त्यात धरत नाहीत. रोजचे दोन तास तू पोकरला देतोयस ते कुठून येतायत बघ. झोपेतून येत असतील तर वेगळी गोष्ट, पण मला शंका आहे की ते अर्ज भरण्याच्या वेळातून येतायत, कारण नकाराचे ईमेल वाचण्यापेक्षा टेबलवर बसणं सोपं वाटतं, तिथे निदान दर मिनिटाला काहीतरी घडतं. हे मी दोष द्यायला नाही लिहीत, सगळं अडलेलं असताना कुणालाही हेच होईल. आठवड्याला चार तास खेळाला ठेव, शनिवार-रविवारी, आणि बाकीचे तास जिथे अर्ज करायचेत त्यांना दे.

हेच पत्र पुण्या-नागपुरातून आलं असतं तर उत्तर याहून सरळ असतं, आणि तसे मेसेज मला येतात म्हणून इथेच लिहिते. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा फरकच त्यात ठेवलेला नाही, आणि इथल्या पोकर अ‍ॅप्सनी पैशांची टेबलं बंद केली. शिक्षा खेळणाऱ्याला नसून चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैसे फिरवणाऱ्याला आहे, म्हणून काही जण व्हीपीएन आणि क्रिप्टोने बाहेरच्या साइटवर जायचं म्हणतात. जाऊ नका. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला कुणी नाही, आणि परदेशी पैसे पाठवण्याचे नियम आहेत ते वेगळेच. गोव्यात कसिनोत लाइव्ह पोकर आहे, पण तिथलं छोट्यातलं छोटं टेबलही सेंटांच्या हिशोबातलं नाही, तिथे जाऊन 'खालून सुरुवात' होत नाही. शिकायचंच असेल तर फुकट चिप्सवर शिका, मित्रांबरोबर शिका.

तुला अजून एक सांगायचंय. त्या रात्रीसारखी रात्र परत आली, म्हणजे हरलेले वसूल करायला वरच्या टेबलवर गेलास किंवा लिमिट वाढवायचा विचार आला, तर गॅमस्टॉपवर नाव घाल. फुकट आहे, कमीत कमी सहा महिने ब्रिटनमधल्या सगळ्या लायसन्सवाल्या साइट तुला बंद होतात आणि मुदत संपेपर्यंत ते उलटवता येत नाही, तोच त्याचा उपयोग. बोलायला तिथली हेल्पलाइन ०८०८ ८०२० १३३, चोवीस तास आणि फुकट. भारतातल्यांसाठी टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. व्यसन लागल्यावरच फोन करायचा असं काही नाही.

तिसरा प्रश्न, घरी सांगावं का. तू विचारतोयस पोकरचं, पण बाबांना आधी वेअरहाऊसचं माहीत नाही. ते सांग. त्यांना वाटतंय मुलाचा पगार चांगला आहे आणि तरी काकांकडे हात पसरावा लागतोय, या दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात घेऊन ते फोनवर बोलतात, म्हणून ते फोन इतके जड होतात. नोकरी अजून नाही, शिफ्ट करतोय, महिन्याला एवढे पाठवू शकतो, असा खरा आकडा सांग, मग तो कमी का असेना. ११० डॉलरचा खेळ त्यानंतर सांग किंवा आईला सांग, लपवायचं मात्र नाही, कारण लपवलेली गोष्ट हरलास की भरून काढावीशी वाटते.

आणि त्याच फोनवर कर्जाचे कागद मागव. बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या नमुना योजनेत कोर्स संपल्यावर एक वर्ष सवलतीचं असतं आणि परतफेड पंधरा वर्षांपर्यंत नेता येते. तुमचं कर्ज किती वर्षांचं केलंय, कोर्स कधी संपला म्हणून धरलंय, मुदत वाढवून हप्ता किती खाली येतो, हे बाबांबरोबर बसून लिहून काढ आणि त्यांना शाखेत लेखी अर्ज द्यायला लाव. अर्ज इंग्रजीत लिहायचा असेल तर मसुदा मला पाठव, मी बघून देते.